कटलेट समिती

अनया, मागच्या रविवारी तू फोनवर सांगितलंस की मायामीत तुम्ही काही अनोळखी माणसं मिळून क्युबन लोकांच्या बेकऱ्या पालथ्या घातल्यात, प्रत्येक ठिकाणी ते क्रोकेट नावाचं तळलेलं प्रकरण खाल्लंत आणि शेवटी गुण दिलेत. पुढे हातात छत्री धरलेला एक वाटाड्या होता आणि कुठल्या बेकरीत काय चांगलं लागायला हवं, ते तो आधीच सांगत होता. "आजी, तुला नाही कळणार यातली मजा," असं तू वर म्हणालीस. मी फोनवर काही बोलले नाही, कारण तिकडे तुझी कामावर जायची वेळ झाली होती. आता बोलते. मला ती मजा चांगली कळते. पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेला पदार्थ घोळक्याने हिंडून चाखण्याचा मान मला शहाद्यात परकर-पोलक्याच्या वयातच मिळाला होता. आमच्याकडेही वाटाडे होते, छत्रीसकट होते आणि चव कशी लागायला हवी हे त्यांनाही आधीपासून ठाऊक होतं. फरक एवढाच की आमच्या सहलीत खाणारी मी एकटीच होते.

आमचं घर शहाद्यात जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या बाजूला होतं. कापसाच्या हंगामात जिनाचा घरघराट सकाळी सुरू व्हायचा. त्याची आम्हाला इतकी सवय होती की तो थांबला की बाया दचकून स्वयंपाकघराबाहेर यायच्या. कापसाचे तंतू सगळीकडे असायचे. दुधावर, वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांवर, माझ्या वेणीत. मोठी माय, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आबांच्या, थोरल्या भावाची बायको, पदराने ते झटकत दिवसभर जिनवाल्यांचा उद्धार करायची. थोरले काका लवकर गेले होते आणि घराचा कारभार तिच्याकडे होता. माझी माय तिच्या हाताखाली मुकाट्याने राबायची. मोठी माय कधी शाळेत गेली नव्हती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ती अशी थापायची की कडेला एक चीर दिसायची नाही, आणि भरताची वांगी काट्यांवर भाजली तरच तिला चालायची. तिचं स्वयंपाकघर म्हणजे सरहद्द होती. बाहेरून आलेल्याने पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही, हॉटेलातलं काही उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, आणि अंडं हा शब्दसुद्धा तिथे उच्चारायचा नाही. आबा क्लबात मोठी मोठी भाषणं करायचे, पण त्या उंबऱ्याशी आले की त्यांचा आवाज खाली यायचा.

त्या वर्षी मी सातवीची परीक्षा पास झाले होते आणि पुढे काय, हा प्रश्न घरात ओल्या कपड्यासारखा लोंबत होता. धुळ्याला मुलींचं वसतिगृह होतं, तिथून इंग्रजी शाळेत जाता येत होतं. मला तिथे जायचं होतं. त्या वयात मला दुसरं काहीच हवं नव्हतं, हे तुम्हा मुलांना, ज्यांना रोज वेगळं काहीतरी हवं असतं, समजावून सांगणं कठीण आहे. दुसरीकडे तापीकाठच्या एका गावातून केळीच्या बागांवाले पाहुणे येऊन मला बघून गेले होते. त्यांनी माझी उंची पाहिली, हात पाहिले आणि मी मान खाली घालून बसते की नाही ते पाहिलं. होकार त्यांच्याकडून आल्यातच जमा होता. आबांना विचारलं की ते म्हणायचे, "साहेबांचा चहा होऊन जाऊ दे, मग बघू." माझं धुळे आणि माझं लग्न, दोन्ही एका चहाच्या पलीकडे ठेवलेलं होतं.

हा चहा कसला, ते सांगते. जिनिंगच्या बंगल्याच्या व्हरांड्यात गावातल्या सुधारलेल्या पुरुषांचा क्लब भरायचा. क्लब म्हणजे पत्ते, पान आणि शिळी वर्तमानपत्रं. त्याचे आधारस्तंभ तीन. एक आमचे आबा, जे घरात अहिराणी बोलायचे आणि क्लबात इस्त्री केलेलं मराठी. दुसरे देवधर वकील, ज्यांच्या मते पुणे सोडून ते इथे आले हाच शहाद्यावर उपकार होता. ते मला संध्याकाळी इंग्रजी शिकवायचे, कारण त्यांचं इंग्रजी ऐकून घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. तिसरे जिनाचे मॅनेजर नगीनभाई, ज्यांच्याकडे जीप होती आणि म्हणून मतही होतं. नवे प्रांतसाहेब गावाला भेट देणार होते. त्यांना चहाला बोलवायचं आणि जिनापर्यंतच्या रस्त्याचं काम गोडीगुलाबीने काढायचं, असा बेत होता. आता साहेबाला चहाबरोबर काय द्यायचं? भजी दिली तर आपण खेडवळ ठरू, असं वकिलांचं म्हणणं. साहेब माणसाला कटलेट लागतं. पूर्वीच्या गोऱ्या साहेबाला लागत असे, तेव्हा याही साहेबाला लागणारच. बटाट्याचं कटलेट करायचं तर बेकरीवाल्यांनीच, कारण टोस्टाचा चुरा त्यांच्याकडे. आणि उत्तम कटलेट कुठलं हे ठरवायचं तर चाखून पाहायला हवं. म्हणून समिती नेमली गेली. हेच तिघे.

इथे अडचण उभी राहिली. तिघांपैकी एकही जण बेकरीचं खाणारा नव्हता. नगीनभाईंना धर्म आडवा येत होता, वकिलांना कुळ, आणि आबांना मोठी माय. पण सुधारणा अडून राहते थोडीच! वकिलांनीच तोड काढली. लहान पोराला विटाळ नसतो. आबांची सुमन अजून परकर घालते, म्हणजे शास्त्राप्रमाणे ती पोर. ती खाईल आणि सांगेल, आपण ठरवू. आबांनी मला जीपमध्ये बसवताना एवढंच सांगितलं, "मोठी मायले काही सांगू नको." क्लबाच्या कामासाठीसुद्धा हे वाक्य त्यांच्या तोंडून अहिराणीतच आलं.

पहिली बेकरी शहाद्याचीच, एस.टी. स्टँडजवळची, रहीमचाचांची. चाचा मोठ्या पोटाचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे. जीप थांबली तसे त्यांनी फडक्याने बाक पुसला. तिघांपैकी कोणी बसेना. वकिलांनी काखेत छत्री धरून, नाकाला रुमाल लावून कामाचं स्वरूप समजावलं. चाचांनी कढई चढवली, उकडलेल्या बटाट्याचा लगदा हातावर चपटा केला आणि वाडग्यात अंडं फोडायला घेतलं. त्याबरोबर तिघांनीही पाठ फिरवली. अगदी एका वेळी, कवायतीत फिरतात तशी. आधी मला वाटलं रस्त्यावर काही झालं असेल. मग उमगलं. अंडं फुटताना पाहिलं असतं तर त्यात अंडं आहे हे त्यांना माहीत झालं असतं. पाहिलं नाही म्हणजे माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणजे नाहीच. मोठेपणी मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, इथली आणि तिकडचीही, आणि ही पाठ फिरवण्याची कला मला त्यांच्यात जागोजाग आढळली. पण इतक्या शिस्तीने केलेली पुन्हा पाहिली नाही.

"हो गया साहब, अब देख लो," चाचा म्हणाले. त्यांच्या आवाजात हसू होतं आणि ते त्यांनी फारसं लपवलंही नाही.

मी खाल्लं. गरम होतं, खारट होतं, आणि बाहेरचा चुरा दाताखाली मोडल्यावर आतून वाफ आली. मी असं काही कधी खाल्लं नव्हतं. तिघे माझ्याभोवती उभे राहून माझ्या जबड्याकडे बघत होते. "करकरीत आहे का?" वकील. "हो." "आत मऊ?" "हो, पण मीठ जास्त आहे." वकिलांनी मान हलवली. "मीठ जास्त नाही. कटलेट असंच असतं. तुला कळत नाही." आबांनी दुसरं एक कटलेट कागदात धरून कानाजवळ नेलं आणि मोडलं. आवाज ऐकला. "उत्तम," ते म्हणाले. मोडलेले तुकडे त्यांनी हात लांब करून रस्त्यावरच्या कुत्र्याला टाकले. कुत्र्याचं मत कोणी विचारलं नाही.

मग जीप नंदुरबारला. वाटेत दोन्ही बाजूंना केळी आणि ऊस, आणि मागच्या बाकावर कटलेटवर व्याख्यान. वकील सांगत होते की खरं कटलेट लंबगोल असतं. नगीनभाईंचं म्हणणं, गोल असतं. त्यावर त्यांचं खरोखर वाजलं. दोघांनीही जन्मात कटलेट खाल्लेलं नव्हतं. आबा मध्ये पडले आणि म्हणाले की आकार साहेबाच्या खात्यावर अवलंबून असावा.

स्टेशनजवळ एका गोव्याच्या ख्रिस्ती विधवेची बेकरी होती. गाडीच्या वेळेला तिच्याकडे गर्दी, एरवी सामसूम. काळा झगा, केसांचा घट्ट अंबाडा, आणि बोलणं तोडकं. तिने तिघांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खायचं कोणी?" आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि तुम्ही कशाला आलांत?" वकिलांनी रुमाल पुन्हा नाकाशी नेला. अंड्यापाशी पुन्हा तीच कवायत झाली. तिचं कटलेट लहान होतं, दिसायला साधं, थोडं करपल्यासारखं. पण पहिला घास संपायच्या आत मी दुसरा घेतला. मिरं होतं त्यात, आणि पुदिना, आणि काहीतरी आंबट. ते आंबट काय होतं हे मला तेव्हा सांगता आलं नाही. "हे," मी म्हणाले, "हेच घ्या." वकिलांनी लांबूनच त्याच्याकडे पाहिलं. "काळं आहे. साहेबाच्या बशीत काळं? तुला कळत नाही."

शेवटची बेकरी बाजारातली, दोन भावांची. नगीनभाईंची ओळख असलेली. अंडं फुटताना तिथेही तिन्ही पाठी फिरल्या. त्यांचं कटलेट तळहाताएवढं आणि सोन्यासारखं पिवळंधमक. "रंग जुओ, रंग!" नगीनभाई हरखले. मी चावा घेतला. नुसता बटाटा. आजाऱ्याला देतात तसा. मी तसं सांगितलं. आबांनी ते कानाशी मोडलं आणि डोळे मिटले. वकिलांनी आकार मापून लंबगोल असल्याचं जाहीर केलं. नगीनभाईंनी रंगाला मत दिलं. एकमताने ठरलं. मी परत म्हणाले, "आबा, याला चव नाही." आबा त्यांच्या क्लबाच्या मराठीत म्हणाले, "बाळ, चवीचं तुला कळत नाही." चव माझ्या तोंडात होती आणि मत त्यांचं. परत येताना मला विहिरीवर चुळा भरायला लावल्या आणि मागच्या दाराने घरात सोडलं. मोठी माय जेवायला वाढत होती. मला भूक नाही म्हटल्यावर तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

चहाच्या दिवशी बंगल्याच्या व्हरांड्यात टेबलावर पांढरी चादर घातली होती. ती नगीनभाईंच्या पलंगावरची होती, हे मी ओळखलं. मला नवा परकर, हातात हार. प्रांतसाहेब आले. तरुण, सडपातळ, दक्षिणेकडचे, आणि कपाळावर भस्माची पुसट रेघ. ती रेघ तिघांनाही दिसली असणार, कारण ती मला कोपऱ्यातून दिसत होती. पण साहेब इंग्रजी बोलत होते आणि ते इंग्रजी यांच्या कानात इतकं भरलं की डोळ्यांना काम उरलं नाही. रस्त्याची गोष्ट निघाली. साहेब मान डोलावत होते. आबा खुलले. बशा आल्या. तळहाताएवढी पिवळी कटलेटं, वर कोथिंबिरीची काडी.

साहेबांनी बशी हातात घेतली, कटलेट उचललं आणि अगदी सहज विचारलं, यात अंडं तर नाही ना? आम्ही खात नाही.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेब म्हटला की तो खाणारच, याच्या पलीकडे त्या तिघांचं डोकं गेलंच नव्हतं. गोऱ्या साहेबाच्या खुर्चीवर आता आपल्यासारखाच कोणी बसू शकतो, हे दहा वर्षं झेंडावंदन करूनही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. वकिलांनी सावरलं. ते आपल्या झोकदार इंग्रजीत म्हणाले की छे छे, शुद्ध बटाटा, आम्ही जातीने चाखून निवड केली आहे. आबांनी मान हलवली. नगीनभाईंनीही. मला वाटतं, त्यांच्या दृष्टीने ते खोटं नव्हतंही. त्यांनी पाठ फिरवली होती.

मी वकिलांच्या खुर्चीमागेच उभी होते. हळूच म्हणाले, "काका, अंडं आहे त्यात." त्यांनी मान न वळवता दातांतून म्हटलं, "गप्प. तुला कळत नाही."

साहेबांचा हात तोंडाकडे निघाला होता. मी बोलले तर आबांची शोभा होणार, रस्ता जाणार, धुळे तर जाणारच, आणि मी काय काय खाल्लं ते तापीकाठच्या पाहुण्यांपर्यंत पोचणार, हे सगळं मला त्या वयातही स्वच्छ दिसत होतं. माझ्या धाडसाची गोष्ट म्हणून तुमच्या आईने तुम्हाला हे सांगितलं असेल, तर ते तसं नाही. मला फक्त ते वाक्य आणखी एकदा ऐकून घ्यायचं नव्हतं. मी पुढे झाले आणि वकिलांनीच शिकवलेल्या इंग्रजीत मोठ्याने म्हणाले, "सर, देअर इज एग."

साहेबांनी कटलेट बशीत ठेवलं. तुला कसं ठाऊक, त्यांनी इंग्रजीतच विचारलं. मी सांगितलं की मी खाल्लं आहे. तिन्ही बेकऱ्यांत. अंडं फोडताना पाहिलं आहे. आणि हे तिघे? त्यांनी विचारलं. पाठ फिरवण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना, म्हणून मी गर्रकन पाठमोरी झाले आणि करून दाखवलं.

कोणी हसलं नाही. साहेबसुद्धा नाही, आणि त्यामुळे ते आबांना जास्त लागलं असावं. साहेबांनी रुमालाला बोटं पुसली आणि चहा घेतला. कोपऱ्यातल्या टोपलीत नगीनभाईंनी घरी न्यायला केळी ठेवली होती, त्यातलं एक मागून घेतलं आणि सावकाश सोलून खाल्लं. समितीने इतकं हिंडून निवडलेल्या पदार्थाला कोणी हात लावला नाही. मग ते आबांकडे वळले. मुलीचं इंग्रजी बरं आहे, कुठल्या शाळेत जाते?

आबांचा चेहरा मला अजून दिसतो. आता आणखी लहान होणं त्यांना परवडणार नव्हतं. "धुळ्याला, साहेब," ते म्हणाले. "वसतिगृहात ठेवतोय. इंग्रजीसाठी." साहेब म्हणाले, फार चांगलं, धुळ्याला माझी नेहमी चक्कर असते, तिथे हिची चौकशी करीन.

माझं शिक्षण हे असं झालं. कोणाच्या दूरदृष्टीने नाही, कोणाच्या त्यागाने नाही. एका बढाईने झालं, जी साहेबासमोर आणि सगळ्या क्लबासमोर मारली गेल्यामुळे मागे घेता आली नाही. नंतरच्या काळात आबा स्त्रीशिक्षणावर भाषणं देत असत आणि त्यात माझं उदाहरण असे. कटलेटचा उल्लेख नसे. रस्ता झाला नाही. वकिलांनी माझी शिकवणी बंद केली. पण मला इंग्रजी ऐकवायला आता दुसरी माणसं मिळणार होती.

घरी बातमी आमच्या आधी पोचली होती. मोठी माय ओट्यावर उभी होती. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. तिने मला अंगणातच थांबवलं, डोक्यावरून पाणी घातलं, तोंडात तुळशीची पानं कोंबली, आणि मग ती आबांकडे वळली. "पोरले खावाडं आनि तुम्हीन पाठ फिराई?" तिचा आवाज जिनाच्या वर गेला. "मंग इटाळ कोनले व्हयना? तिले का तुम्हले?"

"वयनी, ते असं झालं..." आबा.

"काही सांगू नका. त्या केळीवाल्या पाहुण्यासले आते काय सांगशात? का पाठ फिरावशात?" तिने पाण्याचा तांब्या दणकन खाली ठेवला. "सायबले सांगं ना, धुयाले धाडतस म्हणीसन? मंग धाडा."

धुळ्याचा निकाल असा तिने लावला. केळीवाले पाहुणे परत आले नाहीत. मला स्वयंपाकघरात यायची बंदी झाली, ती मी जाईपर्यंत टिकली. शिक्षा म्हणून मला ओसरीवर बसवून ठेवलं, आणि तिथे माझ्या हातात पुस्तक होतं. शिक्षा देणाऱ्यांना हे सुचलं नाही की सुचून त्यांनी तसं केलं, हे मी मोठ्या मायबद्दल अजूनही स्वतःला विचारते.

जायच्या दिवशी एस.टी. स्टँडवर मला सोडायला आबा होते आणि हट्टाने आलेली मोठी माय. तिने दशम्या आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून आणली होती. आबा तिकिटाच्या खिडकीकडे गेले. समोर रहीमचाचांची कढई चढलेली होती आणि चुरा तळल्याचा वास येत होता. मोठ्या मायने पदर नाकाशी नेला, आणि मग तो खाली घेतला. इकडे तिकडे पाहिलं. माझ्या कानाशी वाकून तिने विचारलं, "सुमन, कसं लागनं व ते?"

मी सांगितलं. चाचांकडे मीठ जास्त होतं. त्या भावांचं पिवळं, पण चवच नाही. आणि स्टेशनच्या बाईचं थोडं करपलेलं, पण त्यात मिरं होतं, पुदिना होता, आणि काहीतरी आंबट. मोठी माय डोळे बारीक करून ऐकत होती, भाजीत काय कमी आहे ते शोधताना करायची तसे. करकरीत किती, गरम किती, मिरं ठेचलेलं की कुटलेलं, तिने सगळं विचारलं. आबा येताना दिसले तसा तिने पदर पुन्हा वर घेतला. "आंबट म्हंजे कैरी व्हई," ती म्हणाली, "वायेल कैरी." म्हणजे वाळवलेली. मला गाडीत चढवलं आणि दशम्यांचं फडकं खिडकीतून आत दिलं. माझ्या तोंडातल्या चवीबद्दल मला सगळं विचारणारी आणि त्यातलं काहीही खोडून न काढणारी ती पहिलीच.

म्हणून अनया, पुढच्या वेळी फोन करशील तेव्हा कुठल्या बेकरीला किती गुण पडले ते मला नको सांगूस. त्या छत्रीवाल्याने काय सांगितलं तेही नको. तुझ्या तोंडात काय लागलं ते सांग. मी विचारत जाईन.